किती उरलं

श्रावण लागून चार दिवस झाले होते. भाचा फोंड्याहून घरी येत होता. वळणावर गाडी घसरली आणि हँडलचं टोक उजव्या बरगड्यांखाली बसलं. पडल्यावर तो आपला आपणच उठला, गाडी उभी केली, आरसा फुटला म्हणून हळहळला, धावत आलेल्या दोघांना ‘काही नाही झालं, जा तुम्ही’ म्हणाला. ते दोघे गेले नाहीत हे त्याचं नशीब. दहा मिनिटांत त्याचे ओठ पांढरे पडले आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर तो जो बसला तो उठेनाच.

रात्री साडेनऊला बांबोळीच्या इस्पितळातून बहिणीचा फोन आला. “भाई, लिव्हर फाटलंय म्हणतात आणि ऑपरेशन करत नाहीत. फाटलेलं शिवायला नको? तू ये आणि बोल त्यांच्याशी.”

मी तीस वर्षं लोकांची पोटं उघडली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण घरच्यांच्या लेखी मी अजून सर्जनच, आणि सर्जन म्हणजे कापणारा माणूस. गेलो. वॉर्डात माझ्या मुलीच्या वयाची एक डॉक्टर होती. तिने सीटी स्कॅन दाखवला. यकृताच्या उजव्या भागात तीन सेंटिमीटरहून खोल गेलेली भेग, भोवती थोडं रक्त. तिसऱ्या श्रेणीची इजा. “सर, प्रेशर टिकून आहे, पल्स नव्वदच्या आसपास आहे. हिमोग्लोबिन चार तासांनी पुन्हा बघतोय. आम्ही थांबतोय.”

‘थांबतोय’ हा शब्द शिकायला आमच्या धंद्याला बरीच वर्षं लागली.

मी तिच्या वयाचा असतो तर हाच मुलगा अर्ध्या तासात टेबलावर आडवा असता. पोटात रक्त आहे म्हटलं की पोट उघडायचं, एवढंच आम्हांला ठाऊक. उघडल्यावर पुष्कळदा काय दिसायचं? रक्त केव्हाच थांबलेलं. भेगेत एक काळीभोर गुठळी आपलं काम चोख बजावत बसलेली. आम्ही ती धुऊन काढायचो, भेग पुन्हा वाहू लागायची, आणि मग आम्ही ती शिवायला घ्यायचो. यकृताला टाका घालणं म्हणजे खरवसाला टाका घालणं. दोरा ओढला की मांस कापत येतो. वरती पातळ पापुद्रा असतो, त्याला १६५४ साली यकृतावर ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस ग्लिसनचं नाव आहे. टाका धरला तर तो पापुद्रा धरतो, आतला गर नाही.

रक्त खरोखरच थांबत नसेल तेव्हा करायची युक्ती ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली लिहून ठेवली आहे. यकृताकडे रक्त नेणाऱ्या दोन्ही वाटा आणि पित्ताची नळी एकाच जुडीतून जातात. त्या जुडीमागे एक फट असते. फटीत बोट घालायचं, पुढून अंगठा, आणि चिमटीत धरायचं. बस. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त ज्या अवयवातून वाहतं त्याचा नळ दोन बोटांत बंद होतो. मी ही चिमूट आयुष्यात चार-पाच वेळाच धरली असेन, पण आजही तर्जनी आणि अंगठा जुळवले की ते धडधडणं बोटांत येतं. चिमटीत धरूनही रक्त येतच राहिलं तर समजायचं की फाटलेली शीर यकृताच्या मागची आहे, आणि मग सर्जनच्या तोंडाला कोरड पडते.

पण चिमूट धरून किती वेळ उभं राहायचं? पंधरा मिनिटं धरा, पाच मिनिटं सोडा, अशी रीत पडली. तिच्यामागे प्रयोगांचा ढीग आहे, आणि त्यात एक गोष्ट मला अजून विलक्षण वाटते: रक्त बंद असताना पेशींना इजा होतेच, पण तेच रक्त परत आलं की आणखी एक इजा होते. उपाशी माणसाला एकदम जेवू घालावं तसं.

बहिणीला यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “ती बरोबर करतेय. आपण बसू.” तिचा विश्वास बसला नाही. आयुष्यभर कापत आलेला भाऊ ऐन वेळेला ‘बसू’ म्हणतो, म्हणजे पोराचं काही खरं नाही, असं तिने धरलं. “माझ्या काळजाचं पाणी झालंय आणि तू चहा पितोस,” म्हणाली. काळीज. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं, कवितेत मागितलं की हृदय. दुकानदाराचा अर्थ जुना आहे. संस्कृतातला ‘कालखण्ड’ म्हणजे यकृतच. कवींनी मधल्यामध्ये ते चार बोटं वर सरकवलं.

त्या रात्री बाकावर बसल्या बसल्या मला उंदीर आठवले.

मुंबईत एम.एस. करताना माझ्या प्रबंधाचा विषय यकृताची पुनर्वाढ हा होता. विषय मी निवडला नव्हता, सरांनी हातात ठेवला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी ग्रीक पुराणातला प्रॉमिथियस घातला होता. त्याचं यकृत गरुड रोज खातो आणि रात्रीत ते परत वाढतं, ती कथा. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. “हा सगळ्यांच्या पहिल्या पानावर असतो. आणि रात्रीत वाढत नाही. वाढतं का, ते तू मोजून सांग.”

मोजायची पद्धत तयार होती. १९३१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हिगिन्स आणि अँडरसन यांनी ती बसवली आणि आजही जगभर तीच वापरतात. उंदराचं यकृत माणसासारखं एकसंध नसतं, पाकळ्यांसारखं सुटं असतं. दोनशे ग्रॅमचा पांढरा उंदीर. काचेच्या बरणीत ईथरचा बोळा, उंदीर सैल पडला की फळीवर उताणा. छातीच्या हाडाखाली बोटभर छेद. दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं की मधली आणि डावी पाकळी आपसूक बाहेर येते, गरम, ओली, तांबूस चॉकलेटी. देठाशी रेशमी दोऱ्याची गाठ मारायची. गाठीपलीकडचा भाग डोळ्यांदेखत काळवंडतो, मग तो कापायचा. दोन पाकळ्या गेल्या म्हणजे दोनतृतीयांश यकृत गेलं. पोट शिवायचं, पिंजऱ्यात पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी ठेवायचं, कारण साखर सांभाळणारा अवयवच आता कमी आहे. संध्याकाळपर्यंत उंदीर मिशा फेंदारून फिरायला लागायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला लाज वाटली होती, का ते सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी कापलेलं वजन करून वहीत लिहिलं आणि सरांकडे नेलं.

“किती काढलंस?”

“साडेपाच ग्रॅम, सर.”

“ते मी कशाला विचारू? ते तर बादलीत गेलं. किती उरलं?”

मला सांगता येईना. म्हणाले, “सर्जन काढलेल्याकडे बघतो. रोगी उरलेल्यावर जगतो. उद्यापासून वही उलटी लिही.”

अडीच ग्रॅमच्या आसपास उरायचं. त्या अडीच ग्रॅमचं काय होतं ते बघण्यासाठी ठरलेल्या दिवशी एकेका उंदराचा बळी द्यायचा. दुसऱ्या दिवशी उघडलेला पहिला उंदीर पाहून मी घाबरलो. उरलेलं यकृत फिकट, पिवळट, मेणचट. चुकलं माझं, हा उंदीर मरणार होता, असं वाटलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: प्रत्येक पेशीत चरबीचे बारीक थेंब. शरीरातून चरबी ओढून आणून यकृताने शिधा भरला होता. त्याच काचपट्टीवर, रक्ताची वाट जिथून आत येते त्या कडेला, पेशी दुभंगत होत्या. एरवी वर्ष वर्ष न हलणाऱ्या पेशी, आणि आता एक, दोन, इथे तीन. उंदरात जनुकद्रव्य दुप्पट करण्याची लगबग साधारण चोविसाव्या तासाला शिगेला पोचते. ती लाट मग कडेकडून आत सरकत जाते.

आठवडा-दहा दिवसांनी वजन जवळजवळ मूळपदावर.

पण आकार नाही. लोकांना वाटतं यकृत पालीच्या शेपटीसारखं परत येतं. तसं मुळीच नाही. गेलेल्या दोन पाकळ्या गेल्या त्या गेल्या. तिथे रेशमाची गाठ आणि सुकलेलं देठ, शेवटच्या दिवशीही तसंच. उरलेल्या पाकळ्या फुगून, गोलसर होऊन जागा भरून बसलेल्या. कापलेलं परत येत नाही, उरलेलं वाढतं. त्याला पुनर्वाढ म्हणणंसुद्धा सैलपणाच.

वाढायचं हे त्या पेशींना कळवतं कोण? अमेरिकेतल्या नॅन्सी बुकर यांनी १९५१ साली छापलेल्या प्रयोगांत दोन उंदीर कुशीला कुस लावून शिवून टाकले होते, रक्त एकमेकांत मिसळेल असे. एकाचं यकृत कापलं. दुसऱ्याच्या, हातही न लावलेल्या यकृतात पेशी दुभंगू लागल्या. म्हणजे बातमी रक्तातून जाते. ही बातमी नेणाऱ्या पदार्थांपैकी एक जपानच्या नाकामुरा यांनी १९८४ मध्ये वेगळा काढला. पुढे आणखी सापडले, साखळ्या जोडल्या गेल्या. यकृतातल्याच पहारेकरी पेशी पहिली हाक देतात, मग वाढीचे पदार्थ येतात. थांब म्हणणारेही पदार्थ आहेत, पण नेमक्या मापावर थांबवणारा शेवटचा हुकूम कोणाचा, यावर संशोधक अजून भांडतात. आणि मला विचाराल तर वाढण्यापेक्षा हे थांबणंच मोठं. वाढायचं कर्करोगालाही येतं. १९९२ साली पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या चमूने बबून माकडाचं यकृत एका माणसाला बसवलं. रुग्ण सत्तर दिवस जगला. तेवढ्यात ते छोटं यकृत वाढून माणसाच्या मापाचं झालं होतं. माकडाच्या पेशींनी माणसाचं माप घेतलं आणि तिथे थांबल्या.

उंदराच्या पाकळ्या सुट्या असतात, माणसाचं सगळं एका ढिगात. मग कापायचं कुठून? हाँगकाँगला जेम्स कँटली नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते, चीनचा क्रांतिकारक नेता सन यत्-सेन याचे गुरू, ज्यांनी पुढे लंडनमध्ये त्याला चिनी वकिलातीतून सोडवलं ते. त्यांनी एका मृताचं यकृत पाहिलं आणि १८९७ च्या सुमारास त्याबद्दल मांडलं: उजवा भाग सुकून गेलेला, डावा वाढून बसलेला. दोहोंमधली सीमा वरून दिसणाऱ्या खोबणीवर नव्हती, पित्ताशयाच्या रेषेवर होती. यकृताची खरी वाटणी वरून दिसत नाही, आतल्या वाटांवरून ठरते. फ्रेंच क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये तो नकाशा पुरा केला: आठ विभाग, प्रत्येकाला स्वतःची रक्ताची आवक आणि जावक.

आमचं सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, त्यामुळे मला हा नकाशा पुस्तकाआधीच माहीत होता. डोंगरातून पाट येतो, त्याला फाटे, फाट्याला उपफाटे, प्रत्येक फाट्यावर ठरावीक पोफळी, केळी, मिरवेली. वडील पायाने चिखलाचा गोळा सारून एक तोंड बंद करायचे आणि कुदळीच्या एका घावात दुसरं उघडायचे. वरून बघणाऱ्याला सगळं एकच हिरवं रान. पण कुठला फाटा बंद केला की कुठली सुपारी सुकेल, हे वडिलांना झोपेतही सांगता आलं असतं.

सर्जन आज तेच करतात. गाठ मोठी आहे, कापायला हवी, पण कापल्यावर उरेल ते पुरणार नाही. निरोगी यकृताचा पाव हिस्सा उरला तरी माणूस तरतो; केमोथेरपीने थकलेलं असेल तर तीस टक्के हवं, सिरोसिस, म्हणजे व्रण पडून घट्ट झालेलं असेल तर चाळीस. मग आधी काय करायचं, जो भाग जाणारच आहे त्याचा पाट बुजवायचा. सुईने आत शिरून त्या बाजूची शीर बंद करायची. सगळं पाणी राहणाऱ्या बाजूला वळतं आणि ती बाजू फुगू लागते. चार-सहा आठवडे वाट बघायची, पुन्हा मोजायचं, आणि मग कापायचं. जपानी सर्जन मासातोशी माकुची हे यातलं मोठं नाव. वाट बघवत नाही म्हणून जर्मनीतल्या सर्जनांनी पाट बुजवण्याबरोबर मधे बांधही घातला, म्हणजे यकृत चिरून ठेवलं. २०१२ सालच्या त्यांच्या अहवालात नऊ दिवसांत उरलेला भाग पाऊणपट वाढल्याची नोंद आहे. त्याच अहवालात पंचवीसपैकी तीन रोगी दगावल्याचीही. पहिला आकडा सभांमध्ये फार टाळ्या घेत असे.

आणि पाणी जास्त झालं तर? छोट्या आळ्यात सगळा पाट सोडला तर आळं वाहून जातं. यकृताचा फार लहान तुकडा बसवला तर तसंच होतं. वाढण्याची हाक आणि बुडवणारा लोंढा, दोन्ही एकाच वाटेने येतात. म्हणून दात्याच्या यकृताचं वजन घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के हवं, असा हिशेब करतात. आपल्याकडे यकृत बहुतेक जिवंत दात्याचंच मिळतं, आणि दाता म्हणजे पुष्कळदा बायको, आई, बहीण. साठ-पासष्ट टक्के उजवा भाग काढून देतात. ‘ते काय, परत वाढतं’ हे वाक्य घरातल्या पुरुषांच्या तोंडून मी इतक्या सहजपणे ऐकलं आहे की पुढे पुढे मी त्यांना एकच विचारायचो, “आणि तिच्यापाशी किती उरेल, ते विचारलंत का?”

वाढीला मर्यादा नाही असं कोणी समजू नये. शेजारच्या वाड्यावर एक गृहस्थ होते, काजूच्या दिवसांत त्यांची भट्टी लागायची. हुर्राक, म्हणजे फेणीच्या आधीची पहिली धार, उतरली की पहिली बाटली आमच्याकडे यायची, बाकीच्या बऱ्याचशा त्यांच्याकडेच राहायच्या. शेवटची दोन वर्षं पोटात पाणी, डोळे पिवळे. गावात म्हणायचे लिव्हर सुकली. मी सोनोग्राफी बघितली होती. सुकलं नव्हतं, ते वेड्यासारखं वाढायला बघत होतं. जागोजागी व्रणाचे बांध, आणि प्रत्येक बांधाच्या आत कोंडलेल्या पेशींची नवीन गाठ. वाढ होती, पाट तुंबलेले होते. फेणीला एकटीला दोष देत नाही. हल्ली थेंबही न घेणाऱ्यांच्या सोनोग्राफीत चरबी दिसते आणि तिच्याही पुढचा रस्ता तोच असू शकतो.

एक गंमत सांगतो. १९५० नंतर अणुस्फोटांच्या चाचण्यांनी हवेत जडसर कार्बन सोडला, १९६३ च्या करारानंतर तो कमी कमी होत गेला. हवेतून भातात, भातातून आपल्यात. पेशी कधी जन्मली हे त्या कार्बनवरून काढता येतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या चमूने २०२२ मध्ये ते यकृताबाबत केलं, वीस ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसांत, आणि उत्तर सगळीकडे सारखंच आलं: यकृताचं सरासरी वय तीन वर्षांहून कमी. मी हे आईला वाचून दाखवलं. ती शहाऐंशीची. “मग त्याला सांग, गुडघ्यांना जरा शिकव म्हणून,” म्हणाली.

बांबोळीला चौथ्या दिवशी भाच्याचं हिमोग्लोबिन स्थिरावलं. मधे एकदा ताप आला, उजव्या खांद्यात कळ आली, त्या डॉक्टरने पुन्हा स्कॅन करून पित्त गळत नाही ना ते बघितलं. मी त्या दोन तासांत बहिणीहून जास्त फेऱ्या मारल्या. थांबणं बरोबर आहे हे माहीत असणं आणि थांबणं, यात किती अंतर असतं ते मला निवृत्तीनंतर कळलं. नवव्या दिवशी त्याला घरी सोडलं: तीन महिने फुटबॉल नाही, गाडी नाही, जड उचलायचं नाही. गाडीचा प्रश्न बहिणीने परस्पर सोडवला, विकूनच टाकली.

दिवाळीनंतर सोनोग्राफीला मीच घेऊन गेलो. डॉक्टरने प्रोब फिरवला, पुन्हा फिरवला, मला पडदा दाखवला. एकसारखं करडं यकृत. भेग जिथे होती ती जागा मला सांगता आली ती जुना स्कॅन डोक्यात होता म्हणून.

भाचा कोपरावर उठून पडद्याकडे बघत होता. “कुठाय?”

“काय?”

“फाटलेलं. मित्रांना फोटो पाठवायचाय.”

“भरलं ते. काही उरलं नाही.”

“काहीच नाही?” तो हिरमुसला. पोटावरची जेल पुसत थोडा वेळ गप्प बसला आणि मग शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, “मामा, निदान आईला सांगू नको. अजून महिनाभर माझ्या खोलीत चहा येतोय.”